गनीम नंदाजी ढेपे रणीं पडले त्याची हकीकत

श्रीतंबूजाई प्रसन्न. खुंटी ढिली न होवो, दोर न तुटो, वारा पाठीकडून वाहो, आणि वाचणारास मध्येंच जांभई न येवो. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी, वार शुक्रवार, ते दिवशीं अर्ध्या दिवसाची रजा टाकोन राज्याची सारी फौज पठारावर जमा जाहली, तेथून रविवारीं दोन प्रहरपर्यंत जें जें घडलें तें ह्या डोळ्यांनीं पाहिलें तैसें लिहितों. पठाराचें नांव लिहीत नाहीं, कारण लिहिलें तर पुढील वर्षीं सगळेच येतील आणि आम्हांस गाडी लावण्यास जागा राहणार नाहीं. राज्याचेंही नांव लिहीत नाहीं, कारण नांव काय ठेवावें ह्याचा वाद नऊ वर्षें चालू आहे आणि अद्याप मिटला नाहीं.

ऐसियास राज्य म्हणजे काय तें आधीं सांगतों, नाहींतर वाचणारा म्हणेल, हा वेडा कोठून आला. शहरांत राहणारीं साठ माणसें, कोणी संगणकापुढें बसणारे, कोणी शाळेंत शिकविणारे, कोणी दांतांचे वैद्य, वर्षाचे तीनशें बासष्ट दिवस चारचौघांसारखीं वागतात, आणि उरलेले तीन दिवस बाराबंदी घालोन, पागोटें बांधोन, कमरेस तलवार लटकावोन पठारावर राहुट्या ठोकितात, चुलीवर शिजवितात, आणि तिसरे दिवशीं दोन फौजा करोन लुटुपुटीची लढाई लढतात. तलवारी बोथट, तोफ पत्र्याची, आणि शौर्य मात्र सांगण्यापुरतें अस्सल. राज्यास राजा नाहीं. राजा कोणी व्हावें? जो होईल त्याच्या घरावर दुसरे दिवशीं मोर्चा येईल, हें सर्वांस ठाऊक. म्हणोन मधल्या राहुटींत एक गादी मांडितात, ती रिकामी ठेवितात, आणि तिचे वतीनें कारभार पाहण्यास मुतालिक नेमितात. नऊ वर्षें मुतालिक एकच, मिलिंदराव खांबेटे. हे शहरांत एका कचेरींत साहेब आहेत, तेथें त्यांचें कोणी ऐकत नाहीं ऐसें ऐकितों, त्याचा वचपा ते येथें काढितात.

राज्याचा कायदा एकच. जें शके सोळाशेंच्या आधीं नव्हतें तें तळावर आणूं नये. कायदा राखण्यास देवडीवर समीरपंत आचवल बसतात. हे दांतांचे वैद्य. दांत पाहतात तैसें सामान पाहतात, किडका एक सोडीत नाहींत. चेनची पिशवी काढिली, प्लॅस्टिकची बाटली काढिली, एका सरदाराच्या सलवारीस नाडीचे जागीं इलॅस्टिक होतें तेंही काढिलें, मग सरदार तीन दिवस एका हातानें सलवार धरोन हिंडले. चष्म्यास मात्र सूट आहे, कारण पहिले वर्षीं चष्मे काढविले तेव्हां आपलीच फौज आपल्याच फौजेवर तुटोन पडली होती. बटाटा बंद, टमाटा बंद. मिरचीवर दोन पक्ष पडले, एक म्हणे त्या काळीं आली होती, दुसरा म्हणे नव्हती, आणि भांडण इतकें पेटलें कीं शेवटीं ठराव जाहला, मिरची आम्हीं समुद्रकिनाऱ्याहून फिरंग्यांची चोरून आणिली ऐसें समजावें. राहिला चहा. चहावांचून राज्य एक प्रहर टिकेना. तेव्हां मुतालिकांनीं हुकूम केला कीं चहास काढा म्हणावें, म्हणजे तो प्राचीन होतो. तेव्हांपासून फौज दिवसांतून सात वेळां काढा घेते, आणि प्रकृती सर्वांची उत्तम आहे.

आतां नंदाजी ढेपे कोण, तें ऐका. शहरांतील नांव नंदकुमार, पाटबंधारे खात्यांत वरिष्ठ लिपिक, अंगानें आडवे, बोलणें हळू, कोणाच्या अध्यांत ना मध्यांत. पहिले वर्षीं लढाईंत गनीम कोणी व्हावें म्हणजे शत्रूचा सरदार कोणी व्हावें, हा प्रश्न आला, तेव्हां साठांतले साठ आकाशाकडे पाहूं लागले. मग चिठ्ठ्या टाकिल्या, त्यांत नंदाजींची निघाली. गनीमाचा लोखंडी टोप त्यांचे डोक्यावर ठेविला तो ऐसा चपखल बसला कीं दुसऱ्या कोणाच्या डोक्यास तो पुढें बसेच ना, कोणाच्या कानांवर उतरे, कोणाच्या शेंडीवर तरंगे. जाहलें, गनीमी नंदाजींच्या कपाळीं कायमची आली. गनीम म्हटला म्हणजे पडलाच पाहिजे. नंदाजी नऊ वर्षें पडले. आणि पडलेल्यानें शिंग वाजेपर्यंत उठूं नये ऐसा शिरस्ता, म्हणोन विजयी फौज वाजतगाजत गादीकडे जाई, जिलब्यांचा घाणा लागे, आणि नंदाजी गवतांत मुंग्या सोशीत नुसता वास घेत पडोन राहत. तिसरे वर्षीं शिंगवाला शिंग वाजविण्याचेंच विसरला. दोन घटका नंदाजी तैसेच पडोन राहिले. मग एकाच्या गाडीची किल्ली त्यांजपाशीं होती म्हणोन त्यांची आठवण निघाली.

इतकीं वर्षें ह्याचें त्यांस कांहीं वाटलें नाहीं. परंतु दिवाळींत ऐसें घडलें कीं त्यांची कन्या शाल्मली, वय वर्षें नऊ, हिनें मोबाइलांत मागील लढाईचें चित्रण पाहिलें आणि विचारिलें, "बाबा, तुम्ही दरवर्षी पडता?" नंदाजी म्हणाले, "हो." ती म्हणाली, "आणि बाकीचे?" नंदाजी म्हणाले, "बाकीचे उभे असतात." तेव्हां ती म्हणाली, "हं." इतकेंच. परंतु तें हं नंदाजींच्या काळजांत रुतलें, तें कांहीं केल्या निघेना. कचेरींत बसावें तर हं, जेवावयास बसावें तर हं. आणि यंदा तिचे मातोश्रींस परीक्षेचें काम लागलें, म्हणोन पोर बापाबरोबर पठारावर आली, लहानसा घागरा घालोन, डोळे उघडे ठेवोन, सगळें पाहण्यास. नंदाजींनीं आम्हांस एकीकडे घेऊन सांगितलें, "दुसरं काही नको हो. फक्त तिच्यासमोर मरायला नको." सांगतां सांगतां त्यांनीं टोप काढोन आंत पाहिलें, जणूं उत्तर तेथें ठेविलें होतें.

मग शुक्रवारीं तिसरे प्रहरीं नंदाजी मुतालिकांचे राहुटींत गेले आणि मुजरा करोन अर्ज केला कीं, महाराज, एक वेळ, फक्त यंदा, गनीमानें पळोन जावें, पडूं नये, इतकी परवानगी व्हावी. मुतालिक काढ्यांत बिस्कुट बुडवीत होते. बिस्कुट शके सोळाशेंचें आहे काय, हें विचारण्याची छाती कोणाची? मुतालिक म्हणाले, "नंदाजी, हें आमचे हातीं नाहीं. गनीम पडतो. इतिहासास धक्का लागतां कामा नये." नंदाजी म्हणाले, "जखमी झालो तर?" मुतालिक म्हणाले, "जखमी गनीम म्हणजे अर्धवट काम. लोक काय म्हणतील?" इतक्यांत बिस्कुट विरघळोन काढ्यांत पडलें, आणि तें काढण्याचे गडबडींत मुलाखत संपली. नंदाजी बाहेर आले, तों शाल्मली तोफेवर बसोन हात हालवीत होती, त्यांनींही हात हालविला.

सायंकाळीं मोठा जलसा जाहला. मधोमध शेकोटी, भोंवतीं साठ माणसें, मातीच्या मडक्यांत द्राक्षांचें आसव, तें आसव नाशिकाकडून बाटल्यांतून आणोन देवडीबाहेर मडक्यांत ओतिलें होतें, म्हणजे कायद्यास बाध आला नाहीं. मग नगारा आणिला. नवल ऐसें कीं नगाऱ्यास कोणी टिपरी लाविली नाहीं तरी तो आपोआप वाजूं लागला, आणि त्यांतून बायकांचे गाण्याचाही आवाज येऊं लागला. समीरपंतांनीं वाकोन नगाऱ्यांत पाहिलें, आंत निळा दिवा लुकलुकतो आहे ऐसें त्यांस दिसलें, मग त्यांनीं मान वर केली आणि म्हणाले, "दैवी आहे." आणि स्वतः पहिले नाचूं लागले. सरदार नाचले, शिलेदार नाचले, सलवार धरलेला सरदारही एका हातानें नाचला. नाच मोठा जोराचा, परंतु फौजेचें वय चाळिशीपुढील, गुडघे सोसेनात, म्हणोन दहाचे आंत सारें राज्य मलम चोळोन घोरूं लागलें. शनिवारीं तलवारीचे हात शिकविले आणि दुखऱ्या कमरा शेकविल्या, त्यांत लिहिण्याजोगें कांहीं नाहीं.

रविवार उजाडला. सूर्य माथ्यावर येतां लढाई व्हावयाची, आणि इकडे अकराचे सुमारास घाटाच्या वळणावर धूळ उठली. देवडीवर समीरपंत भाला घेऊन उभे. दोन निळ्या गाड्या आल्या, त्यांतून पंधरा शिपाई उतरले आणि पुढें एक बाई उतरल्या, खाकी पोषाख, डोईस टोपी, हातीं कागद. म्हणाल्या, "मी फौजदार बागूल. आत जायचंय." समीरपंतांस वाटलें, कोणी नवीन सोंग घेऊन आलें आहे. फौजदार हें पद तर आमच्या काळांतलेंच! आनंदानें त्यांनीं मुजरा केला आणि मग नेहमीप्रमाणें नजर टोपीपासून बुटांपर्यंत फिरविली. म्हणाले, "फौजदारबाई, पदवी उत्तम निवडली. परंतु पोषाख काळास धरून नाहीं. खाकी कापड पुढलें, बूट पुढले. आणि कमरेस तें काय?" बाई म्हणाल्या, "पिस्तूल." समीरपंत म्हणाले, "ह्या घडणीचें पिस्तूल त्या काळीं नव्हतें. देवडीवर ठेवावें लागेल. पावती देतों." फौजदारबाईंनीं हवालदाराकडे पाहिलें आणि शांतपणें म्हणाल्या, "ह्याला आधी गाडीत बसवा." भाल्यासकट बसविलें. भाला लांब, तो खिडकीबाहेर राहिला.

हें ऐसें कां जाहलें, तें आतां लिहिणें भाग आहे. एक महिना आधीं राज्यानें गांवच्या ग्रामपंचायतीस पत्र धाडिलें होतें, पठार वापरण्याची परवानगी, पाण्याचा टँकर आणि दोन फिरतीं शौचालयें ह्यांकरितां. तें पत्र कोणी लिहिलें हें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. अक्षर वळणदार होतें, इतकें सांगतों. आणि भाषा राज्यास शोभेल ऐसी होती. पत्रांत मजकूर ऐसा होता, "विज्ञापना ऐसीजे. आमची फौज शस्त्रांनिशीं आपले मुलुखांत उतरोन तीन दिवस तळ देईल. तिसरे दिवशीं दोन पक्षांमध्यें मोठी दंगल होईल. तोफेचा बार होईल. गनीम कापोन काढिला जाईल. तरी चोख बंदोबस्त व्हावा. बहुत काय लिहिणें." लिहिणाराचे मनांत दंगल म्हणजे सामना, जैसी कुस्त्यांची दंगल असते, आणि बंदोबस्त म्हणजे व्यवस्था, टँकराची नि शौचालयांची. परंतु ग्रामसेवकानें पत्र वाचिलें, दंगल वाचिलें, शस्त्रें वाचिलें, बंदोबस्त तर मागितलाच आहे हें वाचिलें, आणि कागद तसाच पोलीस ठाण्यांत नेऊन दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तें हेंच. टँकर आला नाहीं, बंदोबस्त आला.

मग तळावर हांक उठली, "फौजदार आले!" तेव्हां सारे आनंदानें धांवले, कीं काय बहारीचें सोंग आहे. आणि निळी गाडी दिसली, खिडकीबाहेर समीरपंतांचा भाला दिसला, मग धांवण्याची दिशा बदलली. पळतां भुई थोडी जाहली. ज्यांनीं शुक्रवारीं प्राण देण्याच्या शपथा घेतल्या होत्या त्यांनीं पागोटीं झुडपांत टाकिलीं, नाकावर काळे चष्मे चढविले आणि आम्ही पर्यटक ऐसें सांगूं लागले. दोघे कढईमागें बसले. शिंगवाला तर झाडावर चढला, त्याचें शिंग खालीं राहिलें. आणि मुतालिक मिलिंदराव मधल्या राहुटींत शिरोन रिकाम्या गादीचे मागें आडवे जाहले. नऊ वर्षें गादीची सेवा केली, एक वेळ तिनें आसरा दिला, ह्यांत कोणी नांव ठेवूं नये. हा लेखक कोठें होता ऐसें विचाराल तर राहुटीच्या कनातीआड होता, आणि तेथून सगळें नीट दिसत होतें.

फौजदारबाई मैदानांत येऊन उभ्या राहिल्या आणि मोठ्यानें म्हणाल्या, "कोण आहे जबाबदार? दंगल किती वाजता आहे? आणि कापून कोणाला काढणार आहात?" कढईमागचे दोघे आणखी खालीं वांकले. "कोणी बोलणार नसेल तर सगळं सामान जप्त, लढाई बंद, आणि तुम्ही सगळे चला ठाण्यावर." ह्या समयीं वाचणारानें ध्यानांत घ्यावें कीं नंदाजींनीं गप्प बसण्याचीच खोटी होती. लढाई बंद म्हणजे मरण बंद. पोर बाजूसच उभी होती, ती घरीं जाऊन इतकेंच म्हणती कीं पोलीस आले होते. आयतें मरण टळत होतें. परंतु नंदाजींनीं एकवार गाडीबाहेरच्या भाल्याकडे पाहिलें, एकवार झुडपांतल्या पागोट्यांकडे पाहिलें, आणि पत्र्याचें चिलखत खडखडवीत, टोप काखेस मारोन, गनीम एकटे पुढें चालोन आले. हात जोडोन म्हणाले, "मॅडम, मी नंदकुमार ढेपे. वरिष्ठ लिपिक आहे. चूक त्या पत्राची आहे. दोन मिनिटं द्या, मी साधा अर्ज लिहून देतो. आणि एक पेन द्या, इथे फक्त बोरू आहे."

हवालदारानें पेन दिलें. नंदाजींनीं तोफेवर कागद ठेवोन लिहिलें, "विषय : ऐतिहासिक नाट्यप्रयोग सादर करण्याबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की..." काय सांगावें! वरील विषयास अनुसरून, ह्या तीन शब्दांत जें सामर्थ्य आहे तें आमच्या साऱ्या विज्ञापनांत नव्हतें. फौजदारबाईंच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करोन गेल्या. तलवारी बोथट असल्याचें लिहिलें, तोफेंत फटाका असल्याचें लिहिलें, उपस्थितांची संख्या लिहिली, खालीं सही, तारीख. बाई वाचोन म्हणाल्या, "एवढंच होतं ना? मग हे आधी का नाही लिहिलं? महिनाभर आमच्या डोक्याला ताप! चार ठाण्यांतून माणसं मागवली मी." मग म्हणाल्या, "होऊ द्या तुमचं. पण मी इथे उभी राहून बघणार. कोणाला खरचटलं तरी बंद." आणि समीरपंतांस उतरविलें. समीरपंत उतरतांना म्हणाले, "बूट मात्र खरोखरच पुढले आहेत." मग पुन्हा बसवितील ह्या भयानें धांवत देवडीवर गेले.

आतां झुडपांतून पागोटीं निघालीं, गादीमागून मुतालिक निघाले, अंगावरचा कचरा झटकीत म्हणाले, "आम्ही आंतून परिस्थितीवर नजर ठेवोन होतों." फौजदारबाई म्हणाल्या, "बरं. आणि आज मरणार कोण?" साऱ्यांचीं बोटें एकदम नंदाजींकडे वळलीं. बाईंनीं विचारिलें, "हे? ज्यांनी आत्ता तुम्हाला वाचवलं, तेच?" मुतालिक म्हणाले, "ते गनीम आहेत." बाई म्हणाल्या, "अस्सं. आणि मघाशी पळाले ते कोण? ते शूर ना?" हें ऐकोन मुतालिक लाल जाहले, खालीं पाहूं लागले. माणूस अगदींच दगड नाहीं, हेंही लिहिलें पाहिजे. मग त्यांनीं नंदाजींचा हात धरिला आणि राजभाषा विसरोन म्हणाले, "ढेपे, यंदा तुम्ही पडू नका. यंदा तुम्ही जिंका. आम्ही सगळे पडतो. इतिहासाचं बघू नंतर." नंदाजींचे डोळे भरोन आले. त्यांनीं टोप डोक्यावर चढविला, पोरीकडे पाहिलें, आणि नऊ वर्षांत प्रथमच ताठ चालत रणांत गेले.

शाल्मली फौजदारबाईंच्या शेजारीं दगडावर उभी होती. ती बाईंस सांगत होती, "आता बघा हां मॅडम. नीट बघा." हें कनातीजवळून आम्हीं ऐकिलें, परंतु नंदाजी दूर, त्यांस ऐकूं गेलें नाहीं.

तोफेचा बार जाहला, पंधरा शिपाई दचकले, आणि लढाई सुरू जाहली. नंदाजी तलवार फिरवीत पुढें आले, पुढचा सरदार पडावयाचा, तो पडण्याआधीं मागें वळोन दगड आहे काय तें पाहूं लागला, मग बसला, मग कोपर टेकिलें, मग आडवा जाहला. दुसरा पडला तो चष्मा सांभाळीत पडला. सलवारीवाला सरदार पडतांना दोन्हीं हातीं सलवार धरोन पडला, त्याची तलवार आधींच पडली होती. शिंगवाला पडला आणि शिंग टोचलें म्हणोन पुन्हा उठोन नीट पडला. शेवटीं मुतालिक आले, दोन वार जाहले, आणि कमरेस हात लावोन "आई गं" म्हणत गवतांत टेकले. एकासही धड पडतां येईना! मैदानभर माणसें ऐसीं निजलीं होतीं जैसीं लग्नाचे जेवणानंतर मांडवांत निजतात. आणि मधोमध नंदाजी एकटे उभे, हातीं तलवार, माथ्यावर सूर्य. जय त्यांचा जाहला. परंतु जय जाहल्यावर काय करावयाचें असतें तें त्यांस ठाऊक नव्हतें. नऊ वर्षें ते ह्या ठिकाणीं पालथे पडलेले असत. त्यांनीं डावीकडे पाहिलें, उजवीकडे पाहिलें, तलवार वर करावी कीं खालीं, तेंही कळेना.

इतक्यांत दगडावरून रडण्याचा आवाज आला. शाल्मली धांवत मैदानांत शिरली, मेलेल्या सरदारांच्या पायांवरून उड्या मारीत बापापुढें येऊन उभी राहिली, आणि म्हणाली, "बाबा, पडा ना! तुम्ही का नाही पडला?" नंदाजी म्हणाले, "अगं, यंदा मी जिंकलो. तुझ्यासाठी." पोर म्हणाली, "मला नको ते! मी मॅडमना सांगितलं होतं, बघा, माझे बाबा कसले भारी पडतात. वर्गात पण सगळ्यांना दाखवलंय मी." नंदाजी गडबडले. म्हणाले, "पण दिवाळीत तू हं म्हणालीस ना. बाकीचे उभे असतात म्हटल्यावर." शाल्मली नाक पुसोन म्हणाली, "मग? बाकीच्यांना पडताच येत नाही, म्हणून ते उभे असतात. तुम्हाला येतं." गवतांतून मुतालिकांनीं कमर चोळीत मान वर केली आणि म्हणाले, "खरं आहे हो ढेपे. फार अवघड आहे." मेलेल्यानें बोलूं नये ऐसा शिरस्ता, परंतु कोणी त्यांस टोकिलें नाहीं.

मग नंदाजी पडले. तें पडणें आम्हीं नऊ वेळां पाहिलें होतें आणि एकदांही पाहिलें नव्हतें. कोणी मारिलें नाहीं, वार नाहीं, तरी आधीं त्यांचे हातची तलवार सुटली, ती गवतांत उभी राहिली. मग उजवा गुडघा टेकला. मग त्यांनीं एक हात ऐसा वर केला जैसा कोणास थांब म्हणावें, डोक्यावरचा टोप घरंगळत मुतालिकांचे पायांपाशीं गेला, मग ते सावकाश वळले, पोरीकडे तोंड करोन, आणि सबंध माणूस खालीं आला, धप्प न वाजतां. पंधरा शिपायांनीं टाळ्या वाजविल्या. फौजदारबाई म्हणाल्या, "अगं बाई!" आणि मेलेली फौज पडल्यापडल्या टाळ्या वाजवूं लागली. शाल्मलीनें घागरा सांवरला, बापाशेजारीं गवतांत उताणी निजली आणि म्हणाली, "मी पण मेले." नंदाजी ओठ न हालवितां म्हणाले, "मुंग्या आहेत इथे." ती म्हणाली, "असू देत."

आतां पेंच ऐसा पडला कीं शिंग वाजल्यावांचून मेलेल्यानें उठूं नये, आणि शिंगवाला स्वतःच मेला होता. सारी फौज उन्हांत पडोन राहिली, कायदा मोडावा कोणी? जिलब्यांचा घाणा करपूं लागला. शेवटीं फौजदारबाईंनीं खिशांतील शिट्टी काढोन जोरानें वाजविली. ती शिट्टी शके सोळाशेंची नव्हती, परंतु देवडीवरून समीरपंत कांहीं बोलले नाहींत. सारे उठले, अंग झटकिलें, जिलब्यांकडे धांवले. दोघें मात्र उठलीं नाहींत. मग जिलब्यांची परातच तेथें आणिली, आणि विजयाची मेजवानी यंदा पहिल्यानें गवतांत, पडलेल्यांपाशीं जाहली.

इति. हकीकत येथें पुरी केली. राज्य सुखरूप आहे, चहास अद्याप काढा म्हणतात. दंगलीचें तें पत्र ह्याच लेखकानें लिहिलें होतें, हें आतां लपविण्यांत अर्थ नाहीं, आणि पुढील वर्षींचें पत्र नंदाजी लिहिणार आहेत. गनीम होण्याकरितां ह्या खेपेस चौदा जणांनीं अर्ज केले, टोप कोणाच्याही डोक्यास बसला नाहीं. राज्याचे दप्तरीं लढाईची नोंद करितात, तींत जय कोणाचा हा रकाना यंदा कोरा सोडिला आहे. त्याखालीं लिहिलें आहे, पडले : नंदाजी ढेपे. सोबत : शाल्मली, वय वर्षें नऊ.